चष्म्याचे पर्याय

अपवर्तनदोषामुळे अंधूक दिसत असता, नाकावर भिंगे न बाळगता दृष्टी स्पष्ट करण्याच्या उपायांना सामान्यतः चष्म्याचे पर्याय असे म्हटले जाते. स्पर्शभिंगे (कॉन्टॅक्ट लेन्स), रात्री घालावयाची आकारदायी भिंगे, पारपटलावरील लेसर शस्त्रक्रिया, डोळ्यात बसवावयाची कृत्रिम भिंगे आणि अलीकडे आलेले काही थेंब यांचा त्यात समावेश होतो. डोळ्यांच्या व्यायामांनी चष्मा सुटतो, असा दावाही गेली शंभर वर्षे केला जात आहे. त्याचा विचार शेवटी केला आहे.

यांपैकी कोणताही उपाय चष्म्याइतका निर्धोक नाही. चष्मा डोळ्याला स्पर्श करीत नाही, चुकीचा निघाला तर काढून ठेवता येतो आणि नंबर बदलला तर काच बदलून भागते. असे असूनही पर्यायांची ओढ असते, कारण चष्म्याच्या अडचणीही खऱ्या आहेत. मोठ्या नंबराच्या काचेतून कडेचे दृश्य वाकडे दिसते, पावसात काच धुरकटते, मैदानी खेळांत चष्मा टिकत नाही आणि काही नोकऱ्यांची दारे चष्मेवाल्यांना बंद असतात. वधूपरीक्षेत मुलीचा चष्मा उणेपणाचा मानण्याची अनिष्ट रीतही पुरती गेलेली नाही.

दोषाचे स्वरूप

प्रौढ मानवी डोळ्याची एकूण अपवर्तनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. त्यातील सुमारे ४३ डायॉप्टर शक्ती पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पटलाची असते. उरलेली शक्ती आतल्या नेत्रभिंगाची असते आणि जवळ पाहताना तिच्यात वाढ होते. पारपटलाचा वाटा असा मोठा असल्यामुळेच बहुतेक पर्यायी उपायांचा रोख त्याच्याकडे असतो.

नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांब असल्यास प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते व दूरचे अंधूक दिसते. ही निकटदृष्टिता होय. नेत्रगोलाची लांबी साधारणपणे २४ मिलिमीटर असते. ती एका मिलिमीटरने वाढली तरी अडीच ते तीन डायॉप्टरचा उणे नंबर येतो. याउलट नेत्रगोल आखूड असल्यास दूरदृष्टिता उद्भवते. पारपटलाची वक्रता सर्व दिशांना सारखी नसल्यास अबिंदुकता निर्माण होते. चष्म्याच्या कागदावर तिची नोंद ‘सिलिंडर’ व ‘अॅक्सिस’ या रकान्यांत असते. चौथा प्रकार वृद्धदृष्टितेचा. वयानुसार नेत्रभिंग ताठर होऊन त्याची समायोजन शक्ती घटते आणि हातातले वर्तमानपत्र दूर धरावे लागते. मराठीत या अवस्थेला आणि त्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला, दोहोंनाही ‘चाळिशी’ हा एकच शब्द आहे. या अवस्थेचे वय त्यात अचूक पकडले आहे.

पहिले तीन दोष डोळ्याच्या आकाराचे आहेत, तर चौथा नेत्रभिंगाच्या लवचिकपणाचा. हा भेद ध्यानात न घेतल्याने पर्यायांविषयीचे बरेचसे गैरसमज निर्माण होतात.

स्पर्शभिंगे

डोळ्यावरच भिंग टेकवण्याची कल्पना जुनी आहे. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग याने १८०१ साली पाण्याने भरलेली नळी डोळ्याला लावून पारपटलाची शक्ती नाहीशी करून दाखवली होती. मात्र तो प्रयोग दृष्टी सुधारण्यासाठी नव्हता. प्रत्यक्ष वापरण्याजोगे भिंग झुरिक येथील नेत्रवैद्य अडोल्फ फिक याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस तयार करविले. ते काचेचे असून डोळ्याचा पांढरा भागही झाकत असे. फिकने ते आधी सशांच्या डोळ्यांत, मग स्वतःच्या आणि त्यानंतर रुग्णांच्या डोळ्यांत घालून पाहिले. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्याला प्राणवायू मुख्यत्वे हवेतून अश्रूंच्या थरामार्फत मिळतो. काचेखाली तो कोंडला जाई आणि काही तासांत डोळा लाल होऊन धुके दिसू लागे. स्पर्शभिंगांचा पुढचा इतिहास बहुतांशी या प्राणवायूच्या प्रश्नाचाच इतिहास आहे.

१९४८ मध्ये अमेरिकेतील केविन टुही याने केवळ पारपटलावर बसणारे छोटे प्लॅस्टिकचे भिंग आणले. मऊ भिंगाचे श्रेय चेकोस्लोव्हाकियातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टेर्ले यांच्याकडे जाते. पाणी शोषून मऊ होणारे बहुवारिक त्यांनी सहकाऱ्यासह शोधले होते, पण त्यापासून नितळ भिंग कसे घडवावे हे सुटत नव्हते. १९६१ च्या नाताळात त्यांनी घरच्या टेबलावर ‘मेर्कूर’ या मुलांच्या जोडखेळाचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र उभे केले. फिरत्या साच्यात द्रव ओतून त्याच्या वेगाने भिंगाला आकार देण्याची युक्ती त्यात यशस्वी झाली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मऊ भिंगांना १९७१ साली मान्यता दिली. पुढे वायुपार्य कठीण भिंगे, १९८० च्या दशकाअखेर टाकाऊ भिंगे आणि १९९९ च्या सुमारास प्राणवायू अधिक सहजतेने जाऊ देणारी सिलिकॉन हायड्रोजेलची भिंगे बाजारात आली.

मऊ भिंगे डोळ्याला लवकर रुळतात. ती रोज, पंधरवड्याने किंवा महिन्याने बदलावयाची असतात. अबिंदुकतेसाठी ‘टोरिक’ भिंगे वापरतात. कठीण भिंगे सुरुवातीला टोचतात, परंतु त्यांची दृष्टी अधिक रेखीव असते. चष्म्याचा आणि स्पर्शभिंगाचा नंबर सारखाच असतो असे नाही. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर दूर असल्याने उणे १० चा चष्मा वापरणाऱ्यास भिंग उणे ९ च्या आसपास लागते. छोट्या नंबरांत हा फरक नगण्य असतो.

काहींच्या बाबतीत स्पर्शभिंग ही हौस नसून गरज असते. शंक्वाकार पारपटल (केरॅटोकोनस) या विकारात पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येते आणि चष्म्याने स्पष्ट दिसत नाही. कठीण भिंग आणि पटल यांमधील पोकळी अश्रूंनी भरून निघते व एक नवा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. अशा रुग्णाला भिंगामुळे वाचन-लेखन पुन्हा शक्य होते. दोन डोळ्यांच्या नंबरांत फार अंतर असल्यास चष्म्याने दोन्ही प्रतिमा लहानमोठ्या दिसून डोके दुखते. तेथेही स्पर्शभिंग उपयोगी पडते.

मुख्य धोका जंतुसंसर्गाचा. भिंग घालून झोपणे, नळाच्या पाण्याने ते धुणे, डबीतले जुने द्रावण न टाकता त्यातच नवे ओतणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. पाण्यात आढळणारा अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव पारपटलात शिरल्यास महिनोन्‌महिने उपचार करावे लागतात आणि कधी पारपटल-रोपणाची वेळ येते. म्हणून भिंग डोळ्यात असताना विहिरीत, नदीत वा तरणतलावात पोहू नये, असे सांगितले जाते. रंगपंचमीला भिंगे घरी काढून ठेवणे हेही शहाणपणाचे, कारण रंग भिंगाखाली अडकून राहतो. डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईनासा झाला तर भिंग तत्काळ काढून नेत्रतज्ज्ञाकडे जावे लागते. औषधाच्या दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणून घालण्याने अनेक डोळे बिघडले आहेत.

नंबर नसतानाही केवळ रंगासाठी घातली जाणारी भिंगे हा याच प्रश्नाचा दुर्लक्षित भाग आहे. तपासणी न करता घेतलेली आणि मैत्रिणींनी आपसांत बदलून वापरलेली अशी भिंगे तितकाच धोका संभवतो.

रात्रीची आकारदायी भिंगे

ऑर्थोकेरॅटॉलॉजी या पद्धतीत खास आकाराची कठीण भिंगे रात्री घालून झोपतात. ती पारपटलाच्या मध्याला तात्पुरता सपाटपणा आणतात. सकाळी भिंग काढल्यावर दिवसभर चष्म्याशिवाय दिसते. वापर थांबवल्यास पटल काही दिवसांत मूळ आकारावर येते. ही पद्धत मुख्यतः मध्यम निकटदृष्टितेसाठी असून अमेरिकेत रात्रीच्या वापराची मान्यता २००२ साली मिळाली. मुलांमधील नंबरवाढीचा वेग तिने काहीसा मंदावतो, असेही दिसून आले आहे. मात्र भिंग घालून झोपण्याचा जो धोका वर सांगितला, तो येथे पद्धतीतच अंतर्भूत असल्याने स्वच्छतेत कसूर चालत नाही.

पारपटलावरील शस्त्रक्रिया

पूर्वेतिहास

पारपटलाचा आकार कायमचा बदलण्याचे आरंभीचे प्रयत्न सुखद नाहीत. जपानमधील त्सुतोमू सातो यांनी १९४० च्या दशकाच्या आसपास पटलाच्या आतल्या बाजूने छेद देऊन नंबर कमी केला. आतील पेशींचा थर पटल कोरडे व पारदर्शक ठेवतो आणि तो पुन्हा वाढत नाही, हे तेव्हा पुरते उमगले नव्हते. वर्षे लोटल्यावर त्यांच्या अनेक रुग्णांची पटले सुजून पांढुरकी झाली. मॉस्को येथील स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात बाहेरून अरीय छेद देण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या संस्थेत रुग्ण फिरत्या पट्ट्यावरून एका शस्त्रवैद्याकडून दुसऱ्याकडे सरकत असत. अमेरिकेतही ती पद्धत झपाट्याने पसरली. परंतु तेथील दहा वर्षांच्या पाहणीत ४३ टक्के डोळे एक डायॉप्टर वा अधिक दूरदृष्टितेकडे झुकलेले आढळले. छेदांनी दुबळे झालेले पटल विरळ हवेतही आकार बदलते. १९९६ मध्ये एव्हरेस्टवर वादळात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी बेक वेदर्स यांच्यावर ही शस्त्रक्रिया झालेली होती आणि चढताना त्यांना जवळजवळ दिसेनासे झाले होते.

कोलंबियातील बोगोता येथे होसे इग्नासिओ बाराकेर यांनी वेगळी दिशा धरली. पटलाची चकती कापून काढायची, ती गोठवून लेथवर घासायची व परत बसवायची, अशी त्यांची रीत होती. आजच्या लॅसिकची मूळ कल्पना हीच होय.

एक्सायमर लेसर

घासण्याचे काम लेसरने करता येईल, हे एका योगायोगातून उघड झाले. मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे न्यूयॉर्क राज्यातील आयबीएमच्या संशोधनकेंद्रात जेम्स वाइन व सॅम्युएल ब्लम यांच्यासह काम करीत होते. नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘थँक्सगिव्हिंग’च्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मेजवानीतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा जंबुपार लेसर सोडला. ऊतकावर स्वच्छ चर उमटली आणि आजूबाजूला जळाल्याची खूण राहिली नाही. हा किरण रेणूंमधील बंध तोडून ऊतकाचा अत्यंत पातळ थर उडवतो, उष्णता शेजारी पसरू देत नाही. नेत्रवैद्य स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्यासह त्याचा पारपटलासाठीचा उपयोग मांडला.

प्रथम आलेल्या पीआरके पद्धतीत पटलावरची त्वचा खरवडून लेसर देतात. ती भरून येईपर्यंत तीन-चार दिवस वेदना होतात. परंतु पातळ पटल असणाऱ्यांना व ज्यांच्या डोळ्यास मार लागण्याचा संभव असतो त्यांना ती आजही सुचवली जाते. १९९० च्या सुमारास ग्रीसमधील इओआनिस पल्लिकारिस आदींनी पुढे आणलेल्या लॅसिकमध्ये पटलाचा वरचा पापुद्रा एका बाजूला जोडलेला ठेवून उचलतात, खालच्या थरावर लेसर देतात व पापुद्रा परत मिटवतात. दुसऱ्या दिवशीच स्पष्ट दिसू लागत असल्याने ती लोकप्रिय झाली. पापुद्रा पूर्वी पात्याने कापत, आता बहुधा फेम्टोसेकंद लेसरने. अशा अतिसूक्ष्म स्पंदांचे तंत्र शोधणारे जेरार मूरू व डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. स्माइल या नंतरच्या पद्धतीत पापुद्रा उचलतच नाहीत. पटलाच्या आत भिंगाच्या आकाराची चकती लेसरने अलग करून काही मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात.

कोणास योग्य

पटलाची जाडी ही या शस्त्रक्रियांची खरी मर्यादा आहे. मध्यभागी ती सरासरी ५४० मायक्रॉन असते. सहा मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात एक डायॉप्टर घटवण्यास ढोबळमानाने १२ मायक्रॉन ऊतक खर्ची पडते. उणे ६ नंबरासाठी ७२ मायक्रॉन गेले आणि पापुद्र्याची जाडी ११० धरली, तर खाली ३५८ उरतात. पटल मुळातच ४९० मायक्रॉनचे व नंबर उणे १० असल्यास मात्र २६० च उरतात. किमान २५० राखावेत असा संकेत असल्याने असे उदाहरण अगदी कड्यावरचे ठरते. मर्यादा ओलांडल्यास पटल हळूहळू पुढे फुगत जाते आणि रुग्ण चष्म्याने दिसण्याच्या स्थितीतून चष्म्यानेही न दिसण्याच्या स्थितीत जातो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी पटलाचा वक्रता-नकाशा काढणे अनिवार्य असते. त्याआधी मऊ भिंगे एक-दोन आठवडे व कठीण त्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागतात. वय १८ पूर्ण, नंबर किमान वर्षभर स्थिर, गर्भारपण वा अंगावर पाजणे चालू नसणे, याही नेहमीच्या अटी आहेत. डोळे सतत चोळण्याची सवय असणाऱ्या तरुणांत शंक्वाकार पटलाची सुरुवात वगळणे विशेष गरजेचे असते. तपासणीअंती ‘आपल्याला ही शस्त्रक्रिया करता येणार नाही’ असे सांगणारा वैद्य रुग्णाचे हितच पाहत असतो.

छेदात पटलाचे मज्जातंतू तुटत असल्याने काही महिने डोळे कोरडे पडणे सर्वसाधारण आहे. थोड्यांना ते दीर्घकाळ छळते. रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे हीदेखील ज्ञात तक्रार आहे. निकटदृष्टी डोळा शस्त्रक्रियेनंतरही आतून लांबच राहतो. त्यामुळे दृष्टिपटल सुटण्याचा जो वाढीव धोका त्याला असतो तो नंबर गेला म्हणून जात नाही आणि बाहुली विस्फारून करावयाची तपासणी सुटत नाही. पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाची शक्ती मोजण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीचे आकडे उपयोगी पडतात, म्हणून ते कागद जपून ठेवणे आवश्यक आहे.

भारतीय सैन्यदलांच्या अनेक शाखांत लेसर शस्त्रक्रिया झालेले उमेदवार ठरावीक अटींवर पात्र ठरतात. शस्त्रक्रियेच्या वेळचे वय, त्यानंतर लोटलेला काळ, उरलेली जाडी व नेत्रगोलाची लांबी अशा स्वरूपाच्या त्या असतात. प्रत्येक सेवेची नियमावली निराळी असल्याने ती न वाचता घाईने शस्त्रक्रिया करून घेणारे तरुण अपात्र ठरू शकतात.

डोळ्यात बसवावयाची भिंगे

नंबर फार मोठा किंवा पटल पातळ असल्यास मूळ नेत्रभिंग तसेच ठेवून त्याच्यापुढे, बुबुळामागे, पातळ कृत्रिम भिंग सरकवता येते. पटल घासले जात नाही आणि गरज पडल्यास भिंग काढता येते, हे त्याचे लाभ. डोळ्यातील दाब वाढणे व अकाली मोतीबिंदू हे धोके असल्याने दर वर्षी तपासणी करावी लागते. खर्चही लेसरपेक्षा बराच अधिक असतो.

मोतीबिंदू झालेल्या ज्येष्ठांना हा पर्याय वेगळ्या वाटेने आपसूक लाभतो. लंडनमधील हॅरल्ड रिडली यांनी दुसऱ्या महायुद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या काचफलकाचे प्लॅस्टिक निरुपद्रवी राहते, हे पाहून १९४९ मध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. त्यापूर्वी मोतीबिंदू काढल्यावर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचेचा चष्मा जन्मभर लावावा लागे. मागच्या पिढीतील आजी-आजोबांच्या छायाचित्रांत तो दिसतो. मदुराई येथील ऑरोलॅबने १९९२ पासून अशी भिंगे स्वस्तात बनवायला घेतल्यावर ती सामान्यांच्या आवाक्यात आली. बहुकेंद्री भिंगांनी जवळचा चष्माही टळू शकतो, परंतु प्रकाश विभागला गेल्याने रात्री वलये दिसतात. रात्री वाहन चालवणाऱ्यांना म्हणून ती सहसा सुचवत नाहीत.

चाळिशीवरील उपाय

लेसरने नंबर घालवलेल्या व्यक्तीलाही चाळिशी येतेच. किंबहुना उणे २ किंवा ३ नंबर असलेला माणूस पन्नाशीत चष्मा काढून पोथी सहज वाचू शकतो. ही सोय शस्त्रक्रियेने गमावली जाते. चाळिशीच्या उंबरठ्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्यास हे आधी सांगणे आवश्यक असते. एक डोळा दूरसाठी व दुसरा जवळसाठी ठेवण्याची तडजोड काहींना मानवते. ती आधी स्पर्शभिंगांनी अजमावून पाहता येते.

पिलोकार्पिनचे थेंब बाहुली आकुंचित करतात आणि बारीक छिद्रातून पाहिल्यासारखे जवळचे काही तास स्पष्ट दिसते. हे काचबिंदूवरचे जुने औषध. वृद्धदृष्टितेसाठी अमेरिकेत त्याला २०२१ साली परवानगी मिळाली. भारतात मुंबईतील एका औषध कंपनीच्या अशा थेंबांना ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता मिळाली. परंतु वाचनाचा चष्मा सुटेल अशा अर्थाच्या प्रसिद्धीमुळे केंद्रीय औषध नियंत्रकांनी पुढच्याच महिन्यात ती स्थगित केली. डोकेदुखी व अंधारात कमी दिसणे हे थेंबांचे परिणाम असून निकटदृष्टी डोळ्यांत क्वचित दृष्टिपटलास इजा संभवते.

व्यायामांचा दावा

न्यूयॉर्कमधील नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी १९२० साली चष्म्याविना दृष्टी सुधारण्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. जवळ पाहताना नेत्रभिंग नव्हे, तर बाहेरचे स्नायू नेत्रगोलाचा आकार बदलतात आणि दृष्टिदोष केवळ ताणामुळे होतो, असे त्यांचे म्हणणे होते. वस्तुतः यंगच्या प्रयोगांनी समायोजन भिंगातच होते हे शतकापूर्वी दाखवून दिले होते. तळहातांनी डोळे झाकणे, मान डोलावणे, सूर्याकडे पाहणे असे बेट्स यांचे उपाय होते. लेखक ऑल्डस हक्सली यांनी १९४२ च्या ‘द आर्ट ऑफ सीइंग’ या पुस्तकात त्यांचा पुरस्कार केला. भारतात पाँडिचेरी येथील अरविंद आश्रमाशी संबंधित डॉ. आर. एस. अगरवाल यांनी ही पद्धत पसरवली. हठयोगातील त्राटक ही क्रियाही याच यादीत जोडली जाते, मात्र परंपरेत तिचे स्थान षट्कर्मांत, चित्ताच्या एकाग्रतेसाठी आहे.

या व्यायामांनी नेत्रगोलाची लांबी घटत असल्याचा पुरावा नाही. तरीही अनेकांना सुधारणा जाणवते. डोळे बारीक केल्याने प्रतिमा रेखीव होते, अश्रूंचा थर सारखा होतो, तक्त्यावरची अक्षरे पाठ होतात आणि अंधुकपणाची मेंदूला सवय होते, अशी त्याची उलगडण्याजोगी कारणे आहेत. डोळे झाकून घेतलेली विश्रांती निरुपद्रवी आहे. सूर्याकडे टक लावणे मात्र दृष्टिपटल भाजून काढते. मुलांच्या नंबराची वाढ रोखण्यासाठी रोज काही वेळ मोकळ्या उजेडात खेळणे व नेत्रतज्ज्ञाने दिलेले सौम्य अॅट्रोपिनचे थेंब यांना संशोधनाचा आधार आहे; पण आलेला नंबर त्यांनीही उतरत नाही.

लहान मुलाचा चष्मा व्यायामाच्या आशेने काढून ठेवणे सर्वांत हानिकारक ठरते. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू पाहण्यास शिकत असतो. त्या काळात एका डोळ्याकडून सतत अंधूक प्रतिमा येत राहिल्यास तो डोळा मंद राहतो (मंददृष्टिता) आणि पुढे चष्मा, भिंग वा लेसर यांनी त्याची पूर्ण भरपाई होत नाही. एकाच डोळ्याला नंबर असलेले मूल दुसऱ्या डोळ्याने सर्व व्यवहार नीट करते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. शाळेतील नेत्रतपासणीत प्रत्येक डोळा स्वतंत्र झाकून तक्ता वाचवून घेतात, तो यासाठीच.